घाम तोच, मन वेगळं

"जरा फिरून ये, बरं वाटेल." परीक्षेच्या धसक्याने गप्प झालेल्या मुलाला, निवृत्तीनंतर घरात घुसमटणाऱ्या वडिलांना, माहेरी आलेल्या उदास बहिणीला आपल्याकडे हाच सल्ला दिला जातो. देणाऱ्याला त्यामागचं शास्त्र ठाऊक नसतं, आणि तशी गरजही कुणाला वाटत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत मात्र या सल्ल्याची जगभर कसून तपासणी झाली. हजारो माणसांना चालायला, पळायला, वजनं उचलायला लावून त्यांच्या मनःस्थितीची मोजमापं घेतली गेली. त्यातून सल्ला खरा ठरला, पण अर्धाच. उरलेला अर्धा भाग महाराष्ट्रासाठी जास्त महत्त्वाचा आहे. इथे हालचाल न करून कोमेजणारी माणसं आहेत, तशीच दिवसभर अंग मोडेस्तोवर राबून मनाने खचलेलीही आहेत. दोघांना एकच गोळी लागू पडत नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठापासून करावी लागते, कारण पुढचा बराचसा वाद तिथल्या एका प्रयोगाभोवती फिरत राहिला. जेम्स ब्लुमेंथाल या मानसशास्त्रज्ञाने पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले, नैराश्याचं रीतसर निदान झालेले १५६ स्त्री-पुरुष घेतले आणि त्यांचे तीन गट पाडले. कोण कुठल्या गटात जाणार हे नशिबावर सोडलं होतं. पहिल्या गटाला सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध मिळालं. दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम होता: दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग सलग तीस मिनिटं झपझप चालायचं किंवा हळू पळायचं. तिसऱ्या गटाला दोन्ही. १९९९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांना आराम लवकर पडू लागला होता, पण सोळा आठवडे संपेपर्यंत तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते.

त्याहून बोलका आहे तो पुढचा भाग. प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी या लोकांना पुन्हा तपासलं. व्यायामाच्या गटातल्या बऱ्या झालेल्यांपैकी फक्त ८ टक्के लोकांचं नैराश्य उलटलं होतं. औषधाच्या गटात हे प्रमाण ३८ टक्के होतं, आणि दोन्ही घेणाऱ्यांत ३१ टक्के. औषध आणि व्यायाम एकत्र घेतल्याने दुप्पट फायदा व्हायला हवा होता, तो झाला नाही. संशोधकांनी याचा एक अंदाज मांडला, तो मला मोलाचा वाटतो. नुसत्या व्यायामाने सावरलेला माणूस 'हे मी केलं' असं म्हणू शकतो. गोळीही चालू असेल तर श्रेय गोळीकडे जातं. हा केवळ अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण नैराश्यात माणसाचा स्वतःवरचा विश्वासच आधी ढासळतो हे लक्षात घेतलं, तर त्याचं वजन कळतं.

या प्रयोगात एक मोठी उणीव होती. ज्यांना काहीच खरं दिलं नाही असा गट त्यात नव्हता. ब्लुमेंथाल यांनीच ती भरून काढली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात २०२ रुग्ण होते आणि चौथ्या गटाला औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली होती. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के बरे झाले, घरच्या घरी करणाऱ्यांपैकी ४०, औषधाने ४७ आणि पोकळ गोळीने ३१ टक्के. म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश लोक नुसत्या आशेवर, कुणीतरी विचारपूस करतंय या दिलाशावर आणि काळाच्या ओघात सुधारले. व्यायामाचा खरा वाटा मोजायचा तो यावरच्या फरकात. फरक आहे, पण व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशांत असतो तेवढा नाही.

असा एक संदेश आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल: 'व्यायाम हा औषधापेक्षा दीडपट परिणामकारक.' याचं मूळ २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका मोठ्या आढाव्यात आहे. त्यात ९७ जुने आढावे एकत्र केले होते. पण व्यायाम आणि औषध यांची समोरासमोर तुलना त्यात केलेलीच नव्हती. वेगवेगळ्या अभ्यासांतले, वेगवेगळ्या माणसांचे आकडे शेजारी ठेवून तो निष्कर्ष लोकांपुढे गेला. असा संदेश वाचून कुणी चालू असलेलं औषध बंद केलं, तर होणारं नुकसान खरं असतं. मानसिक आजारांवरची औषधं डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबवू नयेत, हे इथेच ठामपणे सांगायला हवं.

जास्त काटेकोर आढावे जपून बोलतात. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात पस्तीस प्रयोगांची बेरीज केली तेव्हा व्यायामाचा परिणाम मध्यम दिसला. त्यातले फक्त कसोशीने केलेले प्रयोग निवडले, तेव्हा तो बराच आक्रसला. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २१८ प्रयोगांचा, चौदा हजारांहून जास्त रुग्णांचा आढावा आला. चालणं-पळणं, योग, वजनं उचलणं, नृत्य यांचा नैराश्यावर चांगला उपयोग होतो आणि जोरकस हालचालीचा जास्त होतो, असं त्यात दिसलं. सोबत लेखकांनी हेही लिहिलं की बहुतेक पुराव्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. अडचण उघड आहे. गोळी खरी की पोकळ हे रुग्णापासून लपवता येतं, पण आपण व्यायाम करतोय की नाही हे कुणापासून लपवणार? ज्याला 'चालल्याने बरं वाटेल' असं सांगितलंय, त्याला थोडं बरं वाटणारच.

या सगळ्यांत मला सर्वात शिकवून गेला तो अपयशी ठरलेला प्रयोग. ब्रिटनमध्ये ३६१ नैराश्यग्रस्तांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर हालचाल वाढवण्यासाठी मार्गदर्शक दिला होता. तो भेटून आणि फोनवरून समजावून सांगायचा, प्रोत्साहन द्यायचा. व्यायाम मात्र ज्याचा त्याने आपापला शोधायचा होता. २०१२ मध्ये निकाल आला. लोकांची हालचाल वाढली होती, मनाच्या स्थितीत फरक नव्हता. तेव्हा वर्तमानपत्रांनी 'व्यायामाचा नैराश्यात उपयोग नाही' असे मथळे दिले. प्रयोगाने खरं तर सल्ला तपासला होता, व्यायाम नव्हे. सल्ला पुरला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कार्यकारणाचा प्रश्न आहेच. उदास माणूस हालचाल करत नाही हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. मग हालचाल न केल्याने उदासी येते असं कशावरून म्हणायचं? २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या जुळ्यांच्या अभ्यासाने शंका बळकट केली: व्यायामाची आवड आणि मनाची सुस्थिती या दोन्ही गोष्टी एकाच आनुवंशिक मुळातून येत असाव्यात, असं त्या संशोधकांना दिसलं. पुढे २०१९ मध्ये जनुकीय माहितीचाच आधार घेऊन झालेल्या एका अभ्यासात उलट उत्तर मिळालं. मनगटावरच्या यंत्राने मोजलेली हालचाल नैराश्याचा धोका खरोखरच कमी करते, असं त्यातून दिसलं. गंमत अशी की, लोकांनी स्वतः सांगितलेल्या व्यायामावरून तो संबंध दिसेना. आपण किती हालचाल करतो याबद्दलचा आपला अंदाज किती ढिला असतो, हे यावरून कळावं.

किती हालचाल पुरे? या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलासा देणारं आहे. नॉर्वेमधल्या जवळपास ३४ हजार लोकांवर अकरा वर्षं नजर ठेवलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. आठवड्याला अवघा एक तास, तोही कुठल्याही वेगाने, हालचाल सर्वांनी केली असती तर पुढे झालेल्या नैराश्यापैकी सुमारे १२ टक्के टळलं असतं, असा त्याचा हिशेब होता. चिंतारोगाबाबत मात्र असा फायदा त्यात दिसला नाही. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांची, एक लाख ९१ हजार लोकांची बेरीज झाली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्याच्या निम्म्याने नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला, पूर्ण केल्यास २५ टक्क्यांनी. सर्वात मोठी उडी शून्यावरून थोड्यावर येताना आहे. दहा हजार पावलांचं दडपण घेऊन हातपाय गाळून बसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

शरीरात नेमकं काय होतं, यावर फार शाई खर्च झाली आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. 'व्यायामाने एंडॉर्फिन सुटतं' हे वाक्य आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. पळून आल्यावर येणारी शांतता शरीरात तयार होणाऱ्या गांजासदृश रसायनांमुळे असावी, असं २०१५ मध्ये जर्मनीत उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २०१४ मध्ये आणखी एक वाट सापडली: ताणामुळे रक्तात वाढणारं, मेंदूला बाधणारं एक द्रव्य व्यायाम झालेले स्नायू अशा रूपात बदलतात की ते मेंदूत जाऊच शकत नाही. हाही प्रयोग मुख्यतः उंदरांवरचा. माणसांपुरतं बोलायचं तर २०११ मध्ये १२० वृद्धांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे २ टक्के वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग आक्रसला. झोप सुधारते हे वेगळं सांगायला नको.

रसायनांपेक्षा मला विचारांची वाट जास्त महत्त्वाची वाटते. उदास मन एकाच गोष्टीचं चऱ्हाट वळत बसतं. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी ३८ जणांपैकी निम्म्यांना दीड तास ओकच्या झाडांच्या माळरानावर चालायला पाठवलं आणि बाकीच्यांना वाहनांच्या वर्दळीच्या रस्त्यावर. माळावरून आलेल्यांचं हे घोकणं कमी झालं होतं, आणि मेंदूच्या संबंधित भागातली लगबगही. रस्त्यावरून आलेल्यांत तसं काही दिसलं नाही. चालणं दोघांचंही तेवढंच होतं.

इथून प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग सुरू होतो. हालचाल म्हणजे फक्त खर्च झालेली ऊर्जा असेल, तर कुठेही, कशीही केली तरी मन सारखंच सुधारायला हवं. तसं होत नाही. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात हालचालीचे कप्पे वेगळे काढले: फावल्या वेळातली, जाण्यायेण्याची, घरकामाची, नोकरीतली. फावल्या वेळातली हालचाल आणि पायी किंवा सायकलने जाणं-येणं यांचा चांगल्या मानसिक आरोग्याशी संबंध दिसला. कामावरच्या कष्टांचा संबंध उलट, मानसिक त्रासाशी दिसला.

बीडहून साखरपट्ट्यात येणाऱ्या ऊसतोड बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटेच्या कडाक्यात फडात उतरायचं. ऊस बुडातून तोडायचा, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं, आणि ट्रक रात्री आला तर रात्री चढायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल अंगावर असते, एक दिवस पडून राहिलं तर खाडा लागतो. कोपीवर आल्यावर पाणी आणि चूल तिचीच. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याचा व्यायाम ती एका दिवसात उरकते. तिच्या हालचालीत निवड नाही, विसावा नाही आणि केल्याचं समाधान कर्जात वळतं होतं. अर्थात गरिबी, कर्ज आणि कष्ट यांचे वाटे नीट वेगळे काढता येत नाहीत, आणि आढाव्यातला संबंध म्हणजे कारण नव्हे. पण अशा बाईला 'ताई, रोज अर्धा तास चालत जा' असं सांगणं हा तिचा अपमान आहे. तिच्या मनासाठी विश्रांती, सलग झोप आणि अंगावरची फिटलेली उचल हेच उपचार.

शहरातल्या आणि निमशहरी घरांतल्या बायकांची गोष्ट वेगळी दिसते, पण मूळ तेच आहे. 'घरकाम हाच बायकांचा व्यायाम' हे वाक्य मी सुशिक्षितांकडूनही ऐकलं आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात आलेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. स्त्रियांत ते ५७ टक्के आहे, पुरुषांत ४२. यात घरचं आणि कामावरचं सगळं धरलेलं आहे. म्हणजे घरकामाने शरीराची गरजही भागत नाही. मनाचं तर बोलायलाच नको, कारण पोळ्या लाटताना बाई कुणाच्या तरी डब्याच्या वेळेला बांधलेली असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे हालचालीबाबतचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात महाराष्ट्रही होता. पाहणीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या आयुष्यात खेळ, व्यायाम, मौजेची हालचाल अशी काहीच नव्हती. मला हा आकडा निम्म्या निष्क्रिय लोकांच्या आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. मनाला ज्या हालचालीने सर्वात जास्त मिळतं, तीच आपल्या आयुष्यातून जवळपास नाहीशी आहे.

ती आपल्याकडे नव्हती असं नाही. मंगळागौरीची रात्र आठवा. फुगडीत दोघी हातांची कैची करतात, पाय जुळवून मागे झुकतात आणि गिरक्या घेतात. एकीने हात सोडला तर दुसरी पडते, म्हणून दोघींचं लक्ष एकमेकींवर असतं. घरच्या काळज्यांना त्या वेळेपुरती आत जागाच उरत नाही. लेझमीचं पथक, ढोल-ताशा, टाळांच्या ठेक्यावर पावली खेळणारी दिंडी या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: अनेकांची पावलं एकाच लयीत पडतात. ऑक्सफर्डच्या होडीपथकातल्या बारा खेळाडूंवर २०१० मध्ये एक छोटा प्रयोग झाला. व्यायामशाळेतल्या यंत्रावर तेवढीच वल्ही एकेकट्याने मारली तर आणि सगळ्यांनी एकत्र, एका लयीत मारली तर काय फरक पडतो, हे पाहायचं होतं. एकत्र मारल्यावर वेदना सोसण्याची ताकद एकट्याने मारल्यापेक्षा खूपच जास्त वाढली. बारा जणांवरून सिद्धान्त मांडू नये. पण सोबतीने केलेली हालचाल शरीराला वेगळी कळते, हे मानायला त्यातून आधार मिळतो. नैराश्यावरच्या उपचारांची ब्रिटनमधली २०२२ ची सरकारी मार्गदर्शिकाही सौम्य नैराश्यासाठी गटव्यायाम सुचवते: साधारण आठ जणांचा गट, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा, दहा आठवडे.

प्रश्न उरतो तो अंथरुणातून उठवतच नाही अशा माणसाचा. तीव्र उदासीत दात घासणंही डोंगराएवढं होतं, तिथे व्यायामाच्या गप्पा कसल्या? याचं उत्तम उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार राबवला. त्याची पद्धत साधी आहे. बरं वाटण्याची वाट पाहायची नाही. जे सोडून दिलंय त्यातलं एक छोटंसं काम ठरवायचं, ते करायचं, आणि त्यानंतर मनाला काय वाटलं ते समुपदेशकाबरोबर पाहायचं. कुणी देवळापर्यंत जाऊन येतं, कुणी बाजारात. हे करून घेणारे डॉक्टर नव्हते. त्याच भागातले, प्रशिक्षण दिलेले सामान्य स्त्री-पुरुष होते, आणि भेटी होत्या सहा ते आठ. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरचा हा प्रयोग २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. याला कुणी व्यायाम म्हणणार नाही. पण हालचालीची पहिली पायरी हीच आहे आणि तिच्यावर हात धरायला माणूस लागतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

हात धरणारा मिळाला तरी पाय ठेवायला जागा हवी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर म्हातारी माणसं निवांत गप्पा मारत चालतात. उरलेले दिवस तिथे रस्ता ओलांडणं हीच कसरत असते. तालुक्याच्या गावी तर पदपथ नावाचा प्रकारच विरळा. शाळेची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात, गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नसतात आणि बायका चार जणी जमल्याशिवाय फिरायला निघत नाहीत. हे सगळं मानसिक आरोग्याच्या खात्यातच मांडलं पाहिजे.

डॉक्टरांकडे माझं मागणं आहे. 'व्यायाम करा' हे शेवटचं वाक्य म्हणून सोडून देऊ नका. कुठे, किती वाजता, कुणाबरोबर हे विचारून चिठ्ठीवर लिहा आणि पुढच्या भेटीत त्याची चौकशी करा. ज्यांना मनात सतत अंधार वाटतो, जगणं नकोसं होतं, त्यांनी चालण्याच्या भरवशावर थांबू नये. 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. आरोग्य खात्याने फार नवं काही उभारायला नको. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग घेण्याची तरतूद आधीच आहे. ते वर्ग बायकांना जमेल त्या वेळेला घ्या, आठ-दहा जणींचा गट बांधा, गैरहजर राहिली तर तिच्या घरी आशाताईंना पाठवा. ऊसतोडीच्या हंगामात मात्र त्याच आरोग्य केंद्राने फडावर जाऊन त्या बाईला विश्रांतीची चिठ्ठी लिहून द्यावी, आणि त्या दिवसाचा खाडा लागणार नाही याची हमी कारखान्याकडून घ्यावी.